रंगावरून गारवेल ओळखता येत नाही

पावसाळ्यात गारवेली, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातल्या वेली, ओळखण्याचा एक तक्ता व्हॉट्सअॅपवर हमखास फिरतो. निळं फूल म्हणजे काळादाणा, जांभळं म्हणजे रेल्वे क्रीपर, पांढरं म्हणजे चांदवेल, पिवळं म्हणजे नवली. खाली आणखी तीन विधानं: पान बदामाच्या आकाराचं असतं, फुलं सकाळीच उमलतात आणि या सगळ्या वेली परदेशी तण असल्याने दिसतील तिथे उपटाव्यात. शाळांच्या ग्रुपवरही तो जातो, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी रंग. काळादाण्याचं फूल पहाटे निळं असतं आणि ऊन चढलं की जांभळट-गुलाबी होत कोमेजतं. तक्ता खरा मानला तर एकाच फुलाची जात काही तासांत बदलते. रंग पेशीरसाच्या आम्लतेवर बदलतो. बागेत लावतात त्या ‘हेवनली ब्लू’ वाणात लालसर कळी उमलून निळी होते, तेव्हा पाकळीच्या पेशींतला पीएच (आम्लतेचं माप; आकडा वाढला की आम्लता कमी) 6.6 वरून 7.7 वर गेलेला असतो. पांढऱ्या रंगावरूनही जात कळत नाही. चांदवेलीचं फूल पांढरं, निशोत्तर या दुसऱ्या वेलीचंही पांढरं. चांदवेलीच्या खोडावर मऊ काटे असतात, निशोत्तराच्या खोडाला पंखासारख्या धारा. खोडाकडे न बघता नाव सांगणं म्हणजे निव्वळ अंदाज.

हा अंदाज महागातही पडतो. तळ्याकाठी याच कुळातली नाळीची भाजी आणि बेशरम शेजारी शेजारी वाढतात, दोन्हींची फुलं फिकट गुलाबी-जांभळी असू शकतात. नाळी पाण्यावर पसरते आणि पेरापेरांना मुळं फोडते; बेशरमचं झुडूप उभं वाढतं. बेशरम विषारी आहे, ती सतत खाणाऱ्या शेळ्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

मग बघायचं काय? फूल मागून बघा. काळादाण्याची निदलं (पाकळ्यांच्या बुडाशी असणारी हिरवी दलं) लांब, टोकाला निमुळती आणि बुडाशी ताठ केसांनी भरलेली असतात. रेल्वे क्रीपरची तोकडी आणि गुळगुळीत. बागेतून सुटून रानात पसरलेल्या पर्प्युरिया या गारवेलीची फुलं निळी, जांभळी, गुलाबी, पांढरी अशी कुठलीही असतात. तिची निदलंही केसाळ, पण आखूड, काळादाण्यासारखं लांबट टोक त्यांना नसतं. फोटो काढताना सगळे समोरून काढतात आणि नेमकी ही खूण राहून जाते. फळ मिळालं तर आडवं कापा. काळादाण्यात तीन कप्पे दिसतील, रेल्वे क्रीपरमध्ये दोन.

पानाचं विधान अर्धवट आहे. काळादाण्याच्या एकाच वेलीवर अखंड आणि तीन खंडांची, दोन्ही पानं सापडतात. रेल्वे क्रीपरचं पान पंजासारखं पाच भागांत चिरलेलं, गणेशवेलीचं पिसासारखं, मर्यादवेलीचं आपट्यासारखं. या शेवटच्या तिघींतलं एकही बदामी नाही.

सकाळचं विधान चांदवेलीपाशीच कोसळतं. ती संध्याकाळी उमलते.

उपटण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. बेशरम दक्षिण अमेरिकेतून आली, हे खरं. पण निशोत्तर, समुद्रशोक, नाळी इथल्याच आहेत. मर्यादवेल तर कोकणच्या किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वर सरपटत वाळू धरून ठेवते. स्वच्छतेच्या नावाखाली ती खणून काढली की वाऱ्याला आणि लाटांना ती वाळू मोकळीच मिळते.