पंधरा रुपयांची प्रक्रिया सुरू आहे

कोथिंबीर फुकट मिळायची त्या काळात मी लहानाचा मोठा झालो. अर्धा किलो वांगी घेतली की भाजीवाली न मागता चार काड्या कोथिंबीर नि दोन मिरच्या पिशवीत टाकायची. मग आई "एवढीच?" म्हणायची आणि आणखी चार काड्या मिळायच्या. यात फायदा कुणाचा नि तोटा कुणाचा, हे दोघींनाही नेमकं माहीत होतं, म्हणून दोघी खूश असायच्या. आता कोथिंबीर हा स्वतंत्र आर्थिक व्यवहार झाला आहे. परवा संध्याकाळी डोंबिवलीत, आमच्याच कोपऱ्यावर, त्या व्यवहारात माझी पंचवीस मिनिटं गेली आणि थोडी अब्रूही.

"कोथिंबीर आणा. बाकी काही आणू नका," असा घरून निघतानाचा आदेश होता. त्यातल्या दुसऱ्या वाक्यामागे इतिहास आहे. तो इथे नको.

जुडी पंधरा रुपयांची. पाकिटात पाचशेची एक नोट होती, पण ती गेले दोन महिने तिथेच मुक्कामाला आहे. मोडायचा मला धीर होत नाही आणि मोडून द्यायला कुणी तयार होत नाही. त्यामुळे तराजूला दोऱ्याने बांधलेला तो चौकोन स्कॅन केला, पंधरा आकडा टाकला आणि पिन टाकताना फोन छातीशी धरून दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेतलं. खात्यात काय आहे ते मला ठाऊक आहे, पण सवय.

गोल फिरू लागलं. पैसे आले की मोठ्याने सांगणाऱ्या डब्याकडे मी पाहतोय, भाजीवाल्या मावशीही डब्याकडे पाहतायत, डबा गप्प.

माझ्यात आणि मावशींत अंतर होतं दोन फूट. पण तेवढ्यासाठी माझे पंधरा रुपये माझ्या बँकेतून निघणार, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून वळसा घेणार आणि मग मावशींच्या बँकेत उतरणार. या कॉर्पोरेशनचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. म्हणजे डोंबिवलीच्या माणसासारखं डोंबिवलीच्या पैशालाही मुंबईला जाऊन यायचं असतं. त्यात वेळ संध्याकाळी सातची. अडकणारच!

तोवर मागे पाचसहा माणसं जमली होती आणि आपल्याकडे पाच माणसं रिकामी उभी राहिली की परिसंवाद सुरू होतो.

"म्हणून मी कायम कॅश ठेवतो," असं म्हणत एका गृहस्थांनी खिशातून दोनशेची नोट काढून दाखवली. त्यांना दहा रुपयांचं आलं हवं होतं. मावशींनी त्या नोटेकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्या पाचशेच्या नोटेलाही पाकिटात घाम फुटला असेल.

"हे सगळं नोटबंदीमुळे," दुसरे कुणीतरी म्हणाले.

"चूक," पिशवी खाली ठेवत एक निवृत्त बँकवाले म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस पिशवी खाली ठेवतो तेव्हा समजावं, भाजी आता उशिरा मिळणार. "यूपीआय एप्रिल 2016 मध्ये आलं. नोटबंदी नोव्हेंबरात. क्रम लक्षात घ्या."

क्रम सर्वांनी लक्षात घेतला. गोल फिरतच होतं.

मग बंगळुरूचा विषय निघाला. 2025 च्या जुलैत तिथल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयचे आकडे बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी कोडचे कागद काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. "उद्या मावशींना पण येईल नोटीस," दोनशेवाले आशेने म्हणाले. बँकवाल्यांनी ताज्या भाजीवर जीएसटीच नाही हे सविस्तर सांगितलं. मावशी म्हणाल्या, "येऊ दे की. जुड्या बांधायला कागद हवाच असतोय."

"अंकल, एरोप्लेन मोड ऑन करून ऑफ करा," मागून कॉलेजातली एक मुलगी. केलं. "थोडं रस्त्याकडे सरका." सरकलो. "फोन वर धरा." धरला. लहानपणी गच्चीवर अँटेना फिरवणाऱ्या काकांना आम्ही खालून ओरडून सांगायचो, "आलं... आलं... गेलं!" ते वर काय सोसत होते हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, हातात कोथिंबीर घेऊन, कळलं.

तेवढ्यात मेसेज आला. पंधरा रुपये खात्यातून वजा! पण डबा गप्प आणि पडद्यावर 'प्रक्रिया सुरू आहे'. म्हणजे पैसे माझ्याकडे नाहीत, मावशींकडेही नाहीत. पूर्वी बसचा कंडक्टर तिकिटामागे बॉलपेनने बाकी लिहून द्यायचा, तेव्हाही पैसे असेच मधल्या मध्ये असायचे. पण तेव्हा निदान कंडक्टर डोळ्यांसमोर असायचा. अख्खा प्रवास खिडकीबाहेरचा निसर्ग सोडून त्याच्या पाठीकडे बघण्यात जायचा, ही गोष्ट वेगळी.

"जावा तुम्ही काका. आले तर आले, न्हाई तर उद्या द्या."

हे मात्र मला झेपत नाही. गृहकर्जाचे हप्ते मी वीस वर्षं शांतपणे भरले, पण भाजीवालीचे पंधरा रुपये अंगावर घेऊन झोप लागत नाही. मी पुन्हा स्कॅन केलं. या वेळी पैसे सटकन गेले आणि डबा खणखणीत बोलला, "पंधरा रुपये प्राप्त झाले." पूर्वी कुणी किती भाजी घेतली ते घेणाऱ्याला नि देणाऱ्याला कळायचं. आता सोसायटीच्या गेटपर्यंत जाहीर होतं. दोनशेवाल्यांच्या चेहऱ्यावर 'एवढ्यासाठी?' हा प्रश्न स्पष्ट उमटला.

दहा पावलं गेलो असेन. मागून डबा पुन्हा म्हणाला, "पंधरा रुपये प्राप्त झाले."

पहिले पोचले होते.

"काका, ओ काका! हिकडं या!"

आता मावशी माझं देणं लागत होत्या. त्यांनी गोणपाटाखालून पत्र्याची डबी काढली आणि दहाचं एक नाणं पुढे केलं. वर पाचासाठी एक लिंबू.

"नाण्यावर रेषा किती?" दोनशेवाले. "पंधरावालं चालत नाही."

"सगळी चालतात," बँकवाल्यांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली. "दहाच्या नाण्याचे 2018 पर्यंतच चौदा प्रकार होते आणि चौदाही वैध. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच सांगितलंय. अहो, आठ आण्याचं नाणंसुद्धा बंद नाही. कायद्याने दहा रुपयांपर्यंत देता येतं."

"मंग तुम्हीच घेता का?" मावशींनी ते नाणं त्यांच्यापुढे धरलं. "गावाकडं कुणी हात लावत न्हाई."

बँकवाल्यांना एकदम दुधीभोपळा निवडायचं आठवलं.

मी रिझर्व्ह बँकेचा आदर करतो. पण अशी सात नाणी माझ्याही घरी टीव्हीखालच्या खणात आहेत. मी लिंबांवर विश्वास ठेवला. पंधराची तीन लिंबं, हिशोब चुकता. मावशींनी पिशवीत लिंबं टाकली आणि माझ्याकडे न बघताच वर दोन मिरच्या.

घरी आलो. पिशवी ओट्यावर उलटी झाली.

"बाकी काही आणू नका म्हटलं होतं ना? ही लिंबं कशाला?"

मी वांद्रे-कुर्ल्यापासून चौदा प्रकारांपर्यंत सगळं सांगितलं. तिने ते जुडी सोडता सोडता ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही.

"आणि या मिरच्या?"

"त्या फुकट दिल्या," मी जरा अभिमानानेच म्हणालो.

तिने मिरच्या उचलून दिव्याखाली धरल्या.

"दोनच?"