‘काकू, सहल झाली ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

परखड महोदय,

(हे तुम्हीच घेतलेलं नाव. माझ्याकडे दुसरं नाही.)

न्यूझीलंडहून परतल्यावर मी सांधणाऱ्या न्यायावर, म्हणजे गुन्हा करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो यांना समोरासमोर बसवण्याच्या, तिकडे ज्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात त्या पद्धतीवर, लेख लिहिला. त्याखाली तुम्ही जे लिहिलंत ते सगळ्यांनी वाचलं नसेल, म्हणून आधी अख्खं इथे देते: “काकू, लेकीकडे सहलीला गेलात, तिथे चार चोर भेटले, त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि तुम्ही विरघळलात. जिची गाडी चोरीला गेली ती बाई तुमच्या लेखात कुठे आहे? असल्या लाडांनीच गुन्हेगारी वाढते. आपल्याकडे तंटामुक्ती आहेच, त्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नव्हती. आणि तो कायदा १९८९ चा आहे, १९९८ चा नव्हे.”

शेवटच्यापासून सुरुवात करते. साल माझं चुकलं. मुलं आणि तरुणांसाठीचा न्यूझीलंडचा तो कायदा १९८९ चाच. टाइप करताना शेवटचे दोन आकडे उलटे पडले आणि तीन वेळा वाचूनही माझ्या नजरेला आले नाहीत. एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या असल्याच चुकांभोवती लाल वर्तुळं काढली, त्यामुळे लाज वाटली. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ‘सहल’.

‘काकू’ला माझी हरकत नाही. घरात सात पुतणे आहेत, कान सरावलेत. पण सहल? लेकीचं दुसरं बाळंतपण सिझेरियनचं झालं. जावयांना दोन आठवड्यांची रजा. मी हॅमिल्टनला तीन महिने होते, त्यातले पहिले पाच आठवडे घराबाहेर गेले ते फक्त कपडे वाळत घालायला. तेही धड नाही, कारण तिथला पाऊस विचारून येत नाही. डिंक इथून दळून नेला होता, तो विमानतळावर उघडून दाखवावा लागला. वायकाटो नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. ती मी पहिल्यांदा पाहिली एकोणचाळिसाव्या दिवशी. ज्याला या वयाच्या बाईचं परदेशी जाणं म्हणजे सहलच वाटते, त्याने एकदा दोन वर्षांच्या नातवाला आणि दहा दिवसांच्या नातीला एकाच दुपारी झोपवून दाखवावं. मग बोलू.

आणि ‘चार चोर’ कुठून आणलेत? लेखात दोन माणसं आहेत. त्यातल्या एकाने मारामारी केली होती. वाचताना संख्या दुप्पट झाली, ती माझ्या लेखात नाही, तुमच्या रागात झाली.

त्या दोघांपर्यंत मी पोचले ती लेकीच्या शेजारणीमुळे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, अशा भेटी घडवून आणणाऱ्या एका स्थानिक गटात स्वयंसेवक. नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ ठेवली होती, तिथे मला घेऊन गेल्या. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये टेबल नाही. टेबल नसल्याने हातांचं काय करायचं ते कळत नाही. माझ्यासमोर बसलेल्या सुताराच्या हातात कॉफीचा कागदी पेला होता. तो बोलता बोलता पेल्याची कड फाडत होता, गोल गोल, बटाट्याचं साल निघावं तशी सलग पट्टी. पेला तळापर्यंत संपला तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. डोळ्यांत पाणी कुठेही नव्हतं. ते तुम्ही घातलंत.

त्याने गाडी चोरली होती. भेटीत त्या बाईने गाडीबद्दल काही विचारलंच नाही. गाडीचे पैसे विम्यातून मिळाले होते. तिने विचारलं, मागच्या सीटखाली माझ्या मुलाचे गमबूट होते, त्यांचं काय केलंस? हा म्हणाला, नदीत फेकले. कोणत्या पुलावरून? याने पुलाचं नाव सांगितलं. त्यानंतर म्हणे बराच वेळ कोणी बोललं नाही. आम्हाला हे सांगतानाही तो तिथे थांबला आणि म्हणाला, पिवळे होते.

यात मी विरघळले असं तुम्हाला वाटतं. महोदय, मी मुलांच्या शाळेत गणित शिकवलं आहे. छडीच्या आधी, छडीनंतर आणि छडीऐवजी रडणारी पोरं ओळखायला मला पेल्याची गरज लागत नाही.

तुम्ही विचारता, पीडित बाई कुठे आहे. ती तुम्हाला हे उत्तर लिहिते आहे.

मे १९९६. आम्ही पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. परत आलो तर दार व्यवस्थित उघडलेलं, कुलूप कडीला लटकतंय, किल्ली कुलपात. किल्ली आम्ही तुळशीवृंदावनाच्या मागच्या सैल विटेखाली ठेवत असू. माझ्या आईच्या चार पाटल्या गेल्या. पंचनामा झाला, आणि फौजदारांनी पहिला प्रश्न मला विचारला: किल्लीची जागा कुणाला माहीत होती? घरच्यांना, आणि कामाला येणाऱ्या मावशींना. संपलं. मावशींना दोनदा ठाण्यात बसवलं. काही सापडलं नाही, पण तिसऱ्या महिन्यात मी त्यांना कामावरून काढलं. अकरा वर्षं होत्या माझ्याकडे. माझ्या मुलीच्या वेण्या त्यांनी घातल्या होत्या.

वर्षाने चोर सापडला, भलत्याच चोरीत. मुद्देमालातून एक पाटली सुपूर्दनाम्यावर परत मिळाली, त्यासाठीही सहा खेपा घातल्या. साक्षीच्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यापासून चार हातांवर उभा होता, हाताला दोरी. मला त्याला एकच विचारायचं होतं: विटेचं तुला कुणी सांगितलं? मी तोंड उघडलं तर शिपाई म्हणाला, बाई, आरोपीशी बोलायचं नाही. आत वकिलांनी मला पाटल्यांचं वजन विचारलं. विटेबद्दल कुणी विचारलं नाही, कारण खटल्याला त्याची गरज नव्हती. त्याला शिक्षा झाली. मावशींनी सांगितलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

तेव्हा मला लाडांबद्दल सांगू नका. तुरुंगात बसणं अवघड असेल, पण तिथे गमबुटांबद्दल कुणी विचारत नाही. आणि शिक्षा माफ होते हे तुम्ही लेखात कुठे वाचलंत? न्यूझीलंडमध्ये प्रौढांसाठी २००२ चा शिक्षेबाबतचा कायदा आहे आणि त्यात डिसेंबर २०१४ पासून लागू झालेलं कलम आहे. जिल्हा न्यायालयात आरोपीने गुन्हा कबूल केला, आणि त्यात कुणाचं नुकसान झालेलं असलं, की शिक्षा ठोठावण्याआधी न्यायाधीशांना काम तहकूब करून अशी भेट होऊ शकते का हे तपासायला लावावं लागतं. मध्यस्थ दोघांना आधी वेगवेगळे भेटतात. दोघांपैकी एकही ‘नको’ म्हणाला तर भेट होत नाही. झाली तर तिचा अहवाल न्यायाधीशांकडे जातो, आणि शिक्षा तेच देतात. हे सगळं लेखात होतं, तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही बहुधा फोटोंपाशी थांबलात.

ज्यांना आकड्यांशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी: ब्रिटनमध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सरकारसाठी अशा भेटींचा काही वर्षं अभ्यास केला. भेटीला बसलेल्या पीडितांपैकी ८५ टक्के समाधानी होते, आणि पुन्हा गुन्हे करण्याची वारंवारता १४ टक्क्यांनी घटली. १४ म्हणजे फार नाही, मला कळतं. पण ‘वाढते’ असंही नाही, परखडराव.

बरं, ही काही कालची टूम नाही. १९७४ साली कॅनडात ओंटारियोमधल्या एल्मायरा गावी दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. कोणाच्या गाडीची टायरं फाडली, कोणाची काच फोडली. मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्याला वाटलं, यांना त्या घरांसमोर उभं करावं, आणि न्यायाधीशांनी ते मान्य केलं. पोरं एकेका दारावर गेली, काय केलं ते सांगितलं, किती नुकसान झालं ते ऐकून घेतलं आणि पुढे भरपाईचे पैसे द्यायला पुन्हा गेली. एकेका दाराची बेल वाजवताना काय होत असेल ते मला कळतं. मावशींचं घर कुठे आहे ते मला माहीत होतं. मी गेले नाही.

तंटामुक्तीबद्दल: २००७ पासून गावोगाव फलक लागले, काही ठिकाणी चांगलं कामही झालं. पण बांधावरून भांडणाऱ्या दोघांना चहा पाजून सही घेणं आणि कबूल केलेल्या गुन्ह्यानंतर समोरासमोर बसणं, यातला फरक समजावत बसायला मला आज वेळ नाही. आणि ‘आपल्याकडे आहेच’ हे मला सांगायची गरज नाही. आटपाडीजवळचं स्वातंत्र्यपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ साली तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. मी तिथे शाळेची सहल घेऊन गेले आहे. ती मात्र खरोखर सहल होती.

राहता राहिली ती गाडीवाली बाई. अशा भेटी गोपनीय असतात, बाहेरच्याला बसू देत नाहीत, नाव-गाव विचारायचं नसतं. ती त्या संध्याकाळी आली नव्हती. त्यामुळे लेखात ती जेवढी आहे तेवढी सुताराच्या तोंडून आहे. तिला बरं वाटलं का, हे त्याला विचारता आलं असतं. तेवढ्यात चहा आला, आणि लेकीचा फोन, की बाळ रडतंय.

साल दुरुस्त केलं आहे. पान पुन्हा उघडून पाहा, जुनंच दिसलं तर रिफ्रेश करा.