सीट नंबर छापता, तसं त्या सीटवरून काय दिसतं तेही सांगा

खूप दिवस मनात होतं, आज लिहितेच. मोठी पोस्ट आहे, पण रेस बघायला प्रत्यक्ष जाणारे किंवा जायचं ठरवणारे जे कोणी असतील त्यांनी वाचा.

मोटर रेसची तिकिटं विकणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की तुम्ही आम्हाला नक्की काय विकता? बसायला जागा की बघायला रेस? कारण जाहिरातीत रेस असते, फोटोत रेस असते, पैसे रेसचे घेतात आणि प्रत्यक्षात हमी मिळते ती फक्त बसायच्या जागेची. तिथून ट्रॅक दिसतो का, किती दिसतो, मध्ये काय येतं, याबद्दल तिकिटावर एक अक्षर नसतं.

यावेळी मी जनरल अ‍ॅडमिशन, म्हणजे ठरलेली सीट नसलेलं तिकीट, न घेता मुद्दाम ग्रँडस्टँडचं तिकीट घेतलं होतं. म्हटलं, एकदा नीट बसून, एका चांगल्या कॉर्नरला पूर्ण रेस बघायची. सेल सुरू झाला त्या दिवशी ऑनलाइन रांगेत ताटकळत बसले, नंबर लागला तेव्हा स्क्रीनवर उलटा टायमर सुरू, विचार करायला वेळच नाही. सीट निवडता येत नव्हती, फक्त ब्लॉक निवडायचा, रो आणि सीट नंतर सिस्टम देणार. ब्लॉकच्या पानावर फोटो होता, लांब स्ट्रेट, तिच्या टोकाला जोरात ब्रेक मारायचा कॉर्नर, समोर मोठी स्क्रीन. हाच फोटो बघून मी पैसे भरले. तो फोटो सगळ्यात वरच्या रांगेतून काढलेला होता हे तिथे गेल्यावर कळलं.

माझी रांग खाली होती. समोर जाळी, जाळीचा जाडजूड खांब बरोब्बर ब्रेकिंग झोनवर, आणि उजवीकडे टीव्ही कॅमेऱ्यासाठी उभारलेला मचाण, ज्याच्यामागे अर्धी स्क्रीन गेलेली. म्हणजे कॉर्नरला काय होतंय ते दिसत नाही आणि जे झालं ते स्क्रीनवरही धड दिसत नाही.

आता ज्यांनी खालच्या रांगेतून रेस बघितली नाहीये त्यांना वाटेल की जाळीतून दिसतं की, त्यात काय एवढं. तर सांगते. जाळीकडे सरळ काटकोनात बघितलं तर आरपार बऱ्यापैकी दिसतं, डोळ्यांना सवयही होते. पण गाड्या काही फक्त तुमच्या नाकासमोर नसतात, त्या लांबून, तिरक्या येतात. आणि जाळीतून जितकं तिरकं बघाल तितक्या तारा एकमेकींच्या जवळ येत जातात, एका ठरावीक कोनानंतर ती जाळी राहतच नाही, करड्या रंगाची भिंत होते. खांबांचंही तेच, समोरचा खांब एक असतो पण तिरकं बघताना दहा खांब एकामागे एक लागून उभे राहतात. म्हणजे गाडी दिसते फक्त अगदी समोर आल्यावर. आणि ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ८० मीटरच्या वर जाते. मग तुम्हीच सांगा, समोरचा तेवढाच तुकडा दिसत असेल तर हातात काय येतं? आवाज, रंगाचा एक पट्टा, संपलं.

ब्रेकिंग झोनची तर अजून वेगळी गोष्ट आहे. एफ वनची (फॉर्म्युला वनची) गाडी तीनशेच्या वरून शंभराच्या खाली यायला साधारण शंभरेक मीटर घेते, आणि ओव्हरटेक होतो तो बहुतेक वेळा तिथेच. कोणी उशिरा ब्रेक मारला, कोणी आतली लाइन बंद केली, कोणाचं पुढचं चाक लॉक होऊन धूर निघाला, रेसमधली सगळी मजा त्या शंभर मीटरमध्ये असते. त्याच शंभर मीटरसाठी त्या स्टँडचं तिकीट महाग असतं. आणि तेच माझ्या सीटवरून दिसत नव्हतं. बाजूच्या स्टँडमधले लोक ओरडत उठायचे तेव्हा आम्हाला कळायचं की काहीतरी झालं.

माझ्या दोन सीट पलीकडे एक बाबा आपल्या मुलीला घेऊन आला होता, लहान होती, कानावर तिच्या डोक्याहून मोठे हेडफोन. ती खुर्चीवर उभी राहिली की मागचे लोक ओरडायचे, बसली की तिला समोरच्या जाहिरातीच्या बोर्डाशिवाय काही दिसायचं नाही. शेवटी तो तिला मोबाइलवर तीच रेस लाइव्ह दाखवत बसला, नेटवर्क जाम असल्यामुळे तीही अडकत अडकत. ती गाड्या बघायला आली होती हो. मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं.

स्टँडवरच्या पोरांना जाऊन विचारलं. त्यांचा काही दोष नाही, दिवसभर उन्हात उभी होती बिचारी, आणि त्यांच्या हातात काहीच नसतं. वरच्या रांगांमध्ये सीट रिकाम्या दिसत होत्या, पण तिथे बसायला परवानगी नाही. नंतर तिकिटाच्या नियमांमध्ये सापडलं की दृश्य बदलू शकतं, आणि आयोजक समान श्रेणीतली दुसरी सीट देऊ शकतात. समान श्रेणी म्हणजे काय ते ठरवणारेही तेच. वर आणि माझ्याच रांगेतल्या एका माणसाने शेवटच्या आठवड्यात माझ्याहून कमी पैशात तिकीट घेतलं होतं, म्हणजे जो पहिल्या दिवशी विश्वास ठेवून पैसे भरतो त्यालाच जास्त भुर्दंड.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, जाळीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. १९५५ साली फ्रान्समध्ये ले मान्सच्या रेसला मर्सिडीजची गाडी उडून प्रेक्षकांवर गेली आणि ८० हून जास्त माणसं मेली. १९६१ मध्ये इटलीतल्या मोंझाला फॉन ट्रिप्स या ड्रायव्हरच्या गाडीने पुन्हा प्रेक्षकांचे बळी घेतले. जाळी हवीच, उंच हवी, मजबूत हवी. पण जाळी कुठे येणार, खांब कुठे येणार, कॅमेऱ्याचा मचाण कुठे लागणार हे आयोजकांना आधीपासून माहीत असतं. आणि तिकीट विकल्यावर काही बदललं तर तेव्हा तरी कळवा की. नाट्यगृहांमध्ये खांबाआडच्या सीट 'अर्धवट दृश्य' असं लिहून कमी दरात विकायची पद्धत जगात कितीतरी ठिकाणी आहे, घेणारा समजून उमजून घेतो, कोणाचं भांडण होत नाही. रेस ट्रॅकवर हे करायला काय हरकत आहे?

आणि हे फक्त सीटपुरतं नाहीये, प्रेक्षकाला गृहीतच धरायचं ही वृत्ती सगळीकडे दिसते. २०२१ ची बेल्जियममधल्या स्पा सर्किटवरची रेस आठवा. लोक तासन् तास पावसात बसले, सेफ्टी कारच्या (सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागे जेमतेम काही लॅप झाले, अर्धे पॉइंट वाटले, निकाल जाहीर. कागदावर रेस 'झाली'. ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनने त्याच दिवशी सांगितलं की लोकांना पैसे परत मिळायला हवेत. २०२३ ला लास व्हेगासमध्ये ट्रॅकवरचं झाकण उखडून ड्रायव्हर कार्लोस सेन्झच्या फेरारीखाली गेलं, पहिली प्रॅक्टिस काही मिनिटांतच थांबली, दुसरी इतकी लांबली की ती सुरू व्हायच्या आधीच रात्री दीडच्या सुमारास लोकांना स्टँडमधून बाहेर काढलं. ज्यांच्याकडे फक्त त्या दिवसाचं तिकीट होतं त्यांना मिळालं काय, तर अधिकृत दुकानाचं २०० डॉलरचं व्हाउचर! माणूस टोपी घ्यायला आला होता का?

याच्या उलट २००५ ची अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची रेस. टायरच्या प्रॉब्लेममुळे १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर (रेस सुरू व्हायच्या आधीच्या फेरीनंतर) पिटमध्ये, म्हणजे टीमच्या गॅरेजकडे, गेल्या आणि सहाच गाड्या धावल्या, लोक भयंकर चिडले. पण नंतर त्या गाड्यांना टायर देणाऱ्या मिशेलिन कंपनीने तिकिटांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, वर पुढच्या वर्षीची २०,००० तिकिटं विकत घेऊन प्रेक्षकांना देऊ केली. म्हणजे मनात आणलं तर करता येतं.

कोणी म्हणेल, एवढं असेल तर घरी टीव्हीवर बघ, जास्त चांगलं दिसतं. हे मला अजिबात पटत नाही. टीव्हीवर चढ सपाट दिसतो, स्पाच्या ओ रूज कॉर्नरचा चढ प्रत्यक्ष बघितलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो. एकाच कॉर्नरला प्रत्येक ड्रायव्हर वेगळ्या प्रकारे येतो, कोण कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) जास्त वापरतो, कोण लवकर गॅसवर जातो, हे लॅपमागून लॅप एकाच जागी बसून बघण्यात जे सुख आहे ते कॅमेरा दर पाच सेकंदाला बदलणाऱ्या प्रक्षेपणात मिळूच शकत नाही. म्हणून तर आम्ही वर्षभर पैसे साठवून जातो.

मला फार काही नकोय. प्रत्येक ब्लॉकचा खालच्या, मधल्या आणि वरच्या रांगेतून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो द्या. स्टँड तात्पुरता असेल आणि अजून उभा राहिला नसेल तर आराखड्यावरून चित्र बनवा, सोबत जाळीही दाखवा. मध्ये काही येत असेल तर तसं लिहा आणि दर कमी करा. विकल्यानंतर माझी सीट हलवली किंवा तिच्यासमोर काही उभं केलं तर पैसे परत घ्यायचा पर्याय मला द्या, तो निर्णय तुमचा नको.

आयोजकांना सीटवरून काढलेले फोटो जोडून मेल केला होता, ठरावीक साच्याचं उत्तर आलं, त्यात फोटोंचा उल्लेखसुद्धा नाही. मी परत पाठवलाय. तुमच्यापैकी कोणी कुठल्याही सर्किटला गेलं असेल आणि स्वतःच्या सीटवरून काढलेला फोटो असेल तर स्टँड, ब्लॉक आणि रो नंबरसकट इथे टाका, झूम न करता काढलेला, जाळी दिसत असेल तर जाळीसकट. पुढचे सेल सुरू व्हायच्या आत सर्किटप्रमाणे लावून ठेवते, ज्याला तिकीट काढायचंय त्याने आधी ते बघावं.