स्वस्त चाकूचं ‘पाणी’ आणि व्हॉट्सॲपवरचे सहा निकष

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सर्व्हायव्हल नाइफ, म्हणजे जंगलात निभावून न्यायला सोबत ठेवायचा चाकू, घेताना म्हणे सहा गोष्टी बघाव्यात. चाकू जाड आणि वजनदार हवा. टँग, म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग, पूर्ण हवा. पात्यावर ‘४४०’ हा पोलादाचा नंबर किंवा ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेलं हवं. चुंबक चिकटता कामा नये. कागद सपकन कापला गेला पाहिजे. आणि स्वस्तातला चाकू म्हणजे खेळणं, त्याच्या नादी लागू नये. यातला एक निकष अर्धा बरोबर आहे. बाकीच्यांवरून चाकूबद्दल जवळपास काहीच कळत नाही. पात्याची लायकी ज्यावर ठरते, त्या पाण्याचा तर मजकुरात उल्लेखही नाही.

पाणी म्हणजे लोहार म्हणतो तेच. पातं लालबुंद तापवून झटकन थंड करायचं, मग आलेला ठिसूळपणा काढायला पुन्हा बेताचं तापवायचं. यात चूक झाली तर महागडं पोलादही वाया जातं. नीट जमलं तर ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता वर्षानुवर्षं ऊस तोडतो, आणि त्या कोयत्यावर कुठलाही नंबर कोरलेला नसतो.

‘स्वस्त म्हणजे खेळणं’ हा दावा आधी घेऊ. स्वीडनच्या डालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. तिथला चाकूंचा एक कारखाना १८९१ सालचा. त्याच परंपरेतला ‘कम्पॅनियन’ हा चाकू परदेशात स्वस्तात मिळतो. पातं सुमारे १०४ मिमी लांब, २.५ मिमी जाड. स्टेनलेस प्रकारात पोलाद १२सी२७, त्यात कार्बन जेमतेम ०.६ टक्के, कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८ च्या आसपास. सुतारापासून जंगलात राहणाऱ्यांपर्यंत अनेक जण तो वापरतात. तो स्वस्त का पडतो हे पाहिलं की कोडं सुटतं: पोलादाच्या पट्टीतून कापलेलं पातं, साच्यातली प्लास्टिकची मूठ, अर्धवट टँग, धारेला एकच सरळ उतार (पातं जिथून धारेकडे निमुळतं होत जातं ती बाजू). काटकसर आहे ती या गोष्टींत. पाण्यात नाही. वाईट स्वस्त चाकूत उलट असतं: कंपास, आगकाडी, करवतीचे दात, काळा रंग सगळं दिलेलं, आणि पातं मऊ.

‘जाड आणि वजनदार हवा.’ कशासाठी? जाडी दुप्पट केली की पात्याचा ताठपणा आठपट होतो, हे खरं. पण पातं वाकून निकामी झालं अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. ५-६ मिमीचं पातं लाकडात पाचरीसारखं अडतं. आग पेटवायला लागणाऱ्या पातळ कुरळ्या ढलप्या त्याने निघत नाहीत, आणि कांदा कापायला गेलं तर कांदा फुटतो. पाठीच्या जाडीपेक्षा धारेच्या मागची जाडी जास्त महत्त्वाची. चपट्या उताराच्या पात्यात धारेचा शेवटचा बारीक उतार जिथे सुरू होतो तिथे व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावा. अर्धा ते पाऊण मिमी आला तर पातं चांगलं कापेल. एक मिमीच्या वर गेला तर ती छिन्नी समजावी. मोरासारख्या पात्याला, ज्याचा उतार थेट धारेपर्यंत जातो, हे माप लागू नाही.

मोठ्या चाकूचा आग्रह धरणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. शस्त्र नियमांतल्या शस्त्रांच्या व्याख्येत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीकामासाठी नसलेले चाकू येतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर दोन्ही अभयारण्यात आहेत. मजकुरात याचा शब्द नाही.

‘टँग पूर्णच हवा’ हा अर्धा बरोबर निकष. टँग पूर्ण असला तर मूठ फुटली तरी दोरी गुंडाळून काम चालतं. ओंडक्यावर पातं ठेवून पाठीवर दांडका मारत लाकूड फोडायचं असेल, तर पूर्ण टँग नक्कीच बरा. पण स्वस्त चाकूत ‘फुल टँग’ म्हणून जे विकलं जातं, त्यात मुठीच्या फळ्यांखाली वजन कमी करायला मोठमोठी भोकं पाडलेली असू शकतात. शिवाय चाकू मोडतो तो बहुतेकदा टँग आणि पातं जिथे मिळतात त्या जागी. तिथे टँगला काटकोनी खाच असेल तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. कोपरा गोलाईने वळवलेला हवा. अर्धवट टँग मुठीच्या निम्म्याहून जास्त आत गेलेला आणि मूठ त्याच्याभोवती घट्ट ओतलेली असेल, तर मनगटाइतक्या जाड, गाठी नसलेल्या लाकडापर्यंत तो पुरतो. गाठीत अडकलेल्या पात्यावर आडवा जोर दिला तर पूर्ण टँगचाही भरवसा नाही.

पोकळ मुठीचे चाकू मात्र सरळ नाकारावेत. त्यात टँग बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसतो, नट किंवा चिकटद्रव्यावर उभा असतो. पाठीवरच्या करवतीचे दात एकाआड एक बाहेर वळवलेले नसतात, म्हणून ते लाकडात अडकतात, आणि दांडक्याचा मात्र भुगा करतात.

‘४४०’ हा अपुरा नंबर आहे. ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. अक्षर लिहिलेलं नसेल तर वरचा दर्जा गृहीत धरू नये. ‘सर्जिकल स्टील’, ‘जपानी स्टील’ ही प्रतवारी नाही, जाहिरात आहे. ३सीआर१३ असा पोलादाचा नंबर लिहिला असेल तर निदान प्रामाणिकपणा आहे: कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास, धार लवकर बोथट होईल, पण लावायलाही सोपी. ‘दमास्कस’ म्हणजे पोलादाचे थर जोडून घडवलेलं, लाटांची नक्षी असलेलं पातं; स्वस्तातल्या ‘दमास्कस’वरची नक्षी बऱ्याचदा आम्लाने किंवा लेसरने वरवर उठवलेली असते. पात्याचा एक कोपरा पॉलिश पेपरने घासून पुन्हा आम्ल लावलं आणि नक्षी परत आली नाही, तर ती फक्त वरची होती.

चुंबकाची कसोटी तर उलटीच आहे. कडक करता येणारी चाकूची स्टेनलेस पोलादं, म्हणजे ४२०, ४४०, १२सी२७, सगळी चुंबकाला चिकटतात. न चिकटणारं पोलाद बहुधा ३०४, डब्या-पातेल्यांचं. त्याला पाणी देता येत नाही. म्हणजे मजकुराप्रमाणे वागलं तर चांगला चाकू परत जाईल आणि पातेलं घरी येईल. ‘चुंबक चिकटला म्हणजे गंजणार’ हा समजही त्याच गैरसमजातून आलेला. कोकणच्या खाऱ्या हवेत १२सी२७ लाही ठिपके पडतात. पुसून तेलाचं बोट फिरवणं कुणालाच चुकत नाही.

कागद सपकन कापला, म्हणजे कारखान्यात धार लावायचा शेवटचा पट्टा नीट फिरला. पोलादाबद्दल त्यातून काही कळत नाही. उलट त्याच पट्ट्यावर बारीक धार जास्त तापली तर तिचं पाणी उतरतं. म्हणून नवा चाकू दोन-तीन वेळा निसण्यावर लावल्याशिवाय त्याच्यावर निकाल देऊ नये.

मग बघायचं काय? पाठीवरून एका डोळ्याने बघा, पातं सरळ हवं. दोन्ही बाजूंच्या उताराची रुंदी सारखी हवी. मूठ कानाजवळ धरून टिचकी मारा, खुळखुळ नको. म्यानात घालून उलटा झटका, चाकू पडता कामा नये. म्यानाच्या तळाला पाणी निघायला भोक हवं. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर चाकू ठेवला तर चामड्यातली ओल आणि आम्ल पातं खातात.

पाण्याची परीक्षा पितळी सळईवर होते. हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीची सळई आणा, टेबलावर पक्की करा. पात्याची बाजू सळईवर टेकवून पाठ साधारण १५ अंश उचला, १५ किलोच्या आसपास भार देऊन धार सळईवरून सरकवा आणि दिव्याखाली बघा. दाबताना धार किंचित लवते. सोडल्यावर ती जागेवर आली, तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली, तर मऊ. कपचे उडाले, तर ठिसूळ. थेट धारेपर्यंत उतार असलेल्या पात्याला आधी निसण्यावर चार-पाच हलके हात मारून सूक्ष्म दुसरा उतार द्या, नाहीतर चांगल्या पोलादावरही उगाच ठपका येईल. मग वाळक्या बाभळीच्या पंचवीस-तीस लांब ढलप्या काढा. दिव्याखाली धार सरळ आपल्याकडे धरल्यावर पांढरी चमक दिसते तिथे ती बोथट झालेली आहे.

बारीक दातांची कानस मुठीजवळच्या धारेवर हलकेच फिरवली की उरलेली शंका मिटते. लोण्यासारखी रुतली तर पातं मऊ. थोडी पकड घेत घसरली तर ठीक. नजरेच्या, टिचकीच्या आणि म्यानाच्या तपासण्या परत करायच्या मुदतीच्या आत करा; निसणं, सळई आणि ढलप्या चाकू ठेवायचा ठरल्यावरच, आणि कानस शेवटीच. नुसती नजर फिरवून आणि टिचकी मारून परत पाठवलेला चाकू दुकानदार घेतो, ओरखडा उठलेला घेत नाही.