घायपातापासून घरी टकीला? प्लीज नका करू

सध्या नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय की टकीला ही मेक्सिकोची दारू निवडुंगापासून बनते, आणि आपल्या बांधावरच्या घायपाताचा रस काढून लिंबू-मीठ घातलं की झाली घरची मार्गारिटा, म्हणजे टकीलाचं लिंबूवालं कॉकटेल. दोन्ही चूक, आणि दुसरं तर धोक्याचं आहे.

टकीला निळ्या अगेव्हची असते. अगेव्ह निवडुंग नाहीच, शतावरीच्या कुळातलं झाड आहे. घायपात त्याचा भाऊबंद खरा, पण कच्च्या पानाच्या रसात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कातडीला लागला तरी आग आणि पुरळ येतं, मग घशात गेला तर काय होईल विचार करा, आणि घरात पोरंबाळं असतील तर ते तोडून किचनमध्ये आणूच नका. तिकडे मेक्सिकोत पानं छाटून फक्त मधला गड्डा घेतात, तो भाजला-वाफवला की त्यातल्या इन्युलिनची, म्हणजे झाडाने साठवलेल्या कर्बोदकाची, साखर होते, मग आंबवणं, मग डिस्टिलेशन. घरी दारू गाळणं आपल्याकडे गुन्हा आहे हेही लक्षात असू द्या. शिवाय टकीला हे नाव १९७४ पासून मेक्सिकोच्या ठराविक भागासाठीच राखीव आहे, त्यामुळे भारतातल्या घायपाताची जी दारू विकत मिळते तिलाही टकीला म्हणता येत नाही.

मार्गारिटाच करायचीय ना, मग परवाना आणि वय बघून दुकानातून टकीला आणा, ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य), १५ मिली ताजा लिंबाचा रस, बर्फात जोरात हलवा आणि गाळून घ्या. आपलं कागदी लिंबू यात एकदम मस्त लागतं, बाटलीतला रस नको.