भांडण असू दे, पण सभागृह हवं

नमस्कार. पक्षफुटीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मी फुटीचं सगळं खापर पुढाऱ्यांवर फोडतो. २०२२ ला शिवसेना आणि २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, तरी त्यातल्या बऱ्याच आमदारांना २०२४ ला लोकांनीच परत निवडून दिलं. मग लोकशाही बुडाली कुठे?

यात लोकांचाही वाटा आहे, हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. पण निवडून आले म्हणून विषय मिटला, हे पटत नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता टळायची, ती पळवाट २००३ ला बंद झाली, पण अपात्रतेचा निवाडा विधानसभा अध्यक्षांच्याच हातात राहिला. जून २०२२ च्या बंडाचा निकाल त्यांनी दिला जानेवारी २०२४ मध्ये. तोवर सरकार चाललंच होतं.

आणि दुफळीला मी घाबरत नाही. कोल्हापूरकरांना गट-तट काय नवे? इथं वाद टोकाला गेला की ‘या बिंदू चौकात’ म्हणून आव्हान देतात, म्हणजे चारचौघांसमोर येऊन बोला. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरोधी आंदोलनात शेकापचे नेते एन. डी. पाटील सरांच्या मागं सगळ्या रंगांचे झेंडे होते, आणि टोल गेला.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची, असं ७४वी घटनादुरुस्ती सांगते. आपली निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये! आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. पाच वर्षं ८१ नगरसेवकांच्या जागी सरकारनं नेमलेला एक प्रशासक. अंदाजपत्रक त्यांनीच मांडायचं, त्यांनीच मंजूर करायचं. नळाला पाणी नाही म्हणून कुणाच्या दारात जायचं, हे माझ्या गल्लीत कुणाला सांगता येत नव्हतं. याच काळात, जून २०२३ मध्ये, मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. नगरसेवक असते तर ते टळलं असतं, असा माझा दावा नाही. पण हिंदू-मुस्लिम दोन्हीकडच्या घरांत ज्याची उठबस आहे, ज्याला दोन्हीकडची मतं लागतात, असा निवडून आलेला माणूस त्या दिवशी एकाही प्रभागात नव्हता.

आणि यासाठी आपण मोर्चा काढला नाही. टोलसाठी काढला, यासाठी नाही. मीही गेलो नाही. त्या अर्थी तुमचा आक्षेप माझ्यावरही लागू होतो. लेखातलं ‘लोक फसले’ हे वाक्य आज काढून टाकतो. बाकी लेख तसाच राहील.