“पाण्याखाली दहा मिनिटं एकटी होते” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

“मालवणला पाण्याखाली नवरा दिसेनासा झाला, दहा मिनिटं मी एकटी होते, टाकी वाजत होती पण कोणी आलं नाही, वर आल्यावर उलट नवऱ्यावरच ओरडले. नागपुरात समुद्र नाही, हे काय शिकवणार?” असं लिहून तुम्ही एक स्टार दिला. तीन दिवसांपासून तेच वाचून राहिलो. तुम्ही घाबरलात आणि आमच्या स्कूबा डायव्हवर घाबरलात, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बोटीवर चार लोकांसमोर माझा आवाज चढला, त्याचीही माफी.

पण दहा मिनिटं नाही ताई. एवढं मला बोलू द्या.

प्रत्येक वेळी ओकेची खूण घेतली की मी हातातल्या पाटीवर वेळ आणि प्रत्येकाची हवा लिहितो. ११ वाजून २६ मिनिटांनी मागे वळलो तेव्हा चौघांचीही खूण मिळाली. तुमची हवा १२० बार होती (बार म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब). तुमच्या मनगटावरचा कॉम्प्युटर खोली आणि वेळ आपोआप टिपतो, त्यात मला हात घालता येत नाही. तो सांगतो की ११:२८ ला तुम्ही ८ मीटरवरून वर निघालात आणि ११:२९ ला पाण्याबाहेर होतात. बोटीवरच्या दादांनी लगेच दोर फेकला. ११:३१ ला तुमचे मिस्टर माझ्यासोबत वर आले. म्हणजे पाण्याखाली फार तर तीन मिनिटं आणि वर वाट बघण्याची दोन. पाण्याखालची तीन मिनिटं किती लांबतात ते मला चांगलं माहीत आहे, त्यावर वाद घालत नाही. पण लोक “दहा मिनिटं” वाचतात आणि फोन ठेवून देतात. डिसेंबरची सहा जणांची अख्खी बॅच परवा रद्द झाली. पावसाळ्यात समुद्र बंद असतो ताई, आमचं वर्ष बाकीच्या महिन्यांवरच निघते.

आणि त्या तीन मिनिटांत तुम्ही काय केलं ते तुम्ही लिहिलंच नाही. जागेवर एक पूर्ण गिरकी घेतली, वर-खाली बुडबुडे शोधले, मिनिटभराच्या वर शोधत बसला नाहीत आणि सावकाश वर आलात. जोडीदार हरवला तर हेच करायचं असते. हे तुम्ही नागपूरच्या स्विमिंग पूलमध्ये शिकलात, आमच्याकडेच. तुमच्या मिस्टरांनीही तेवढंच केलं असतं तर दोघं पाण्यावर एकमेकांना भेटले असते.

लक्ष वेधायला पाठीवरची हवेची टाकी ठोकतात, ती मीच वाजवत होतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो, म्हणून तो कुठून येतो ते कळत नाही. तुम्हाला वाटलं कोणी येत नाही. त्या वेळी मी खडकाच्या पलीकडे होतो. मिस्टर तिथे कपारीत अर्धे आडवे झालेले, हातात काठीला लावलेला कॅमेरा, समोर पोपटमासा. मी त्यांच्या पायातला फिन धरून ओढला तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. तुम्ही शेजारी नाही हे त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हतं. कॅमेरा न्यायचा नाही हे बोटीवर दोनदा सांगितलं होतं, तुमच्यासमोरच. त्यांच्या गेजवर ६० बार राहिले होते. ५० च्या आत कोणी शिकाऊ जाऊ नये म्हणून मी जिवाचं रान करतो. माझा आवाज त्यामुळे चढला. त्या पाच मिनिटांत माझ्या पोटात काय कालवत होतं ते मी कोणाला सांगितलं नाही.

माझी चूकही लिहितो. दुसऱ्या जोडीतल्या मुलीच्या मास्कमध्ये पाणी गेलं म्हणून माझा सहकारी मागची जागा सोडून तिच्याकडे गेला. मी पुढे होतो. तेवढा वेळ तुमच्या मागे आमचं कोणीच नव्हतं.

समुद्र नसल्याचं म्हणाल तर ते मला सर्वात जास्त लागलं. मात्र एक खरं आहे, पूलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसते, जोडीदार हरवायची सोयच नाही. मालवणला त्या दिवशी जेमतेम तीन मीटर दिसत होतं, त्यात मास्कमुळे बाजूचं काही दिसत नाही, मान वळवावी लागते. म्हणून आता पूलमध्येच मास्कच्या काचेवर बटर पेपर लावून जोडीने पोहण्याचा सराव घेणार आहोत. गढूळ पाणी असेल तर जोडीला हातभर दोरी देऊ. मागे एक माणूस कायम ठेवायचंही बघतो आहे.

तुम्हा दोघांची लॉगबुकं आणि माझी पाटी दुकानात आहे, पाटी पुसलेली नाही. कॉम्प्युटरची नोंदही जपून ठेवली आहे. संध्याकाळी ६ नंतर कधीही या आणि ११:२८ ची ओळ स्वतः बघा. तुमची शेवटची डायव्ह बाकी आहे, तिचे पैसे लागणार नाहीत.